आधी गाळाचे ठिकाण ठरवा, मग ड्रायर मागवा : सांडपाणी प्रक्रिया केंद्रे चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महापालिका व नगरपालिकांचे आयुक्त, मलनिस्सारण विभागांचे मुख्य अभियंते आणि अशा कामांना मंजुरी देणारे लोकप्रतिनिधी यांस,

सविनय नमस्कार.

जुन्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे नूतनीकरण करून तेथे गाळ सुकवण्याची यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे येतो, तेव्हा त्यातील बहुतेक पाने ड्रायरने व्यापलेली असतात. त्याची क्षमता, त्याचे तापमान, त्यातून पडणाऱ्या दाण्यांची छायाचित्रे, सगळे तपशीलवार असते. आणि सुकलेल्या गाळाचे पुढे काय होणार, हे मात्र शेवटच्या एखाद्या परिच्छेदात ‘खत म्हणून किंवा इंधन म्हणून वापरता येईल’ अशा मोघम वाक्यात उरकलेले असते. सांडपाण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून मी आपणांस विनंती करतो की हा प्रस्ताव शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे वाचावा. गाळ अखेर कोठे जाणार हे आधी ठरावे, त्यावरून तो किती कोरडा हवा हे ठरावे, त्यासाठी लागणारी उष्णता केंद्रातच मिळते का हे तपासावे, आणि ड्रायरचा प्रश्न त्यानंतरच हाती घ्यावा.

सांडपाणी प्रक्रियेने घाण नाहीशी होते हा समज मुळात अपुरा आहे. १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टर येथील आपल्या प्रयोगांतून मांडलेली सक्रिय गाळाची पद्धत आजही जगभरच्या केंद्रांचा पाया आहे. या पद्धतीत जिवाणू पाण्यातील सेंद्रिय द्रव्यावर वाढतात. त्या द्रव्याचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो आणि बराचसा भाग नव्या जिवाणूंच्या रूपाने गाळात येतो. म्हणजे पाणी जितके चांगले स्वच्छ होईल, तितका गाळ अधिक. स्वच्छ झालेले पाणी उताराने आपोआप बाहेर जाते, गाळ मात्र कोणीतरी रोज उचलावाच लागतो. तो उचलला गेला नाही तर जिवाणूंना हवा पुरवणाऱ्या वायुवीजन टाकीत साचत राहतो, निवळण टाकीतील थर वर चढतो, आणि एके दिवशी तोच गाळ काठावरून ओसंडून नदीत जातो. गाळाची वाट तुंबल्याने पाण्याची प्रक्रिया कोलमडल्याचे मी एकाहून अधिक केंद्रांवर पाहिले आहे, आणि अशा वेळी दोष नेहमी पाण्याच्या बाजूला शोधला जातो.

या गाळात खरे तर बहुतांश पाणीच असते. दिवसाला ३० टन शुष्क घन पदार्थ निर्माण करणाऱ्या एका कल्पित केंद्राचा हिशेब मांडतो, कारण त्यातून पुढचे सर्व मुद्दे सुटे होतात. निवळण टाक्यांतून येणारा गाळ दोन टक्के घनतेचा, म्हणजे वजनाच्या शंभर भागांत दोन भाग घन पदार्थ असलेला धरला, तर हे ३० टन वाहून आणण्यासाठी रोज १,५०० टन ओला गाळ हाताळावा लागतो. थिकनरमध्ये, म्हणजे गाळ घट्ट करणाऱ्या टाकीत, तो पाच टक्क्यांपर्यंत घट्ट केला की ६०० टन उरतो. पाचन टाकीत, म्हणजे डायजेस्टरमध्ये, साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमानाला तीन आठवडे राहिल्यावर सेंद्रिय भागापैकी निम्म्याच्या आसपास वायुरूप होतो आणि ३० टन घन पदार्थांचे २० टन होतात. सेंट्रिफ्यूज किंवा प्रेसमधून पाणी काढून, म्हणजे निर्जलीकरण करून, त्याचा २० टक्के घनतेचा घट्ट लगदा, म्हणजे केक, केला तर तो रोज १०० टन भरतो, आणि ड्रायरमधून ९० टक्के कोरडा करून काढला तर अवघा २२ टन. दीड हजारांवरून बावीस, ही घट मोठीच आहे. मात्र तिचा बहुतेक भाग ड्रायरच्या आधीच घडलेला असतो, आणि तोही फार थोड्या ऊर्जेत.

आता ठिकाणाविषयी. या बाबतीत इतिहासाकडे पाहावे असे मला वाटते, कारण प्रत्येक पिढीने आपण शोधलेली जागा कायमची आहे असे मानले आणि प्रत्येक पिढीचा अंदाज चुकला. न्यूयॉर्कचा गाळ अनेक दशके बोटींतून समुद्रात टाकला जात असे. अमेरिकेने १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि १९९२ साली ती विल्हेवाट थांबली. लंडनच्या गाळाच्या बोटी १९९८ पर्यंत चालू होत्या. समुद्र बंद झाल्यावर जमिनीकडे, विशेषतः शेतीकडे, सर्वांचे लक्ष वळले. गाळात नत्र आणि स्फुरद असते, सेंद्रिय कर्ब असतो. मिलवॉकी शहर १९२६ पासून आपला वाळवलेला गाळ खत म्हणून विकत आले आहे, त्यामुळे ही वाट खोटी नाही. पण स्वित्झर्लंडने २००६ मध्ये शेतीत गाळ वापरणे पूर्णपणे बंद केले आणि जाळण्याचा मार्ग धरला. अमेरिकेतील मेन राज्याने २०२२ साली, पीएफएएस या दीर्घायुषी रसायनांमुळे शेते दूषित झाल्याचे आढळल्यावर, जमिनीवर गाळ पसरण्यास बंदी केली. जर्मनीने २०१७ च्या नियमांनी मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातील स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले. वीस-पंचवीस वर्षे टिकणारी यंत्रणा ज्या वाटेच्या भरवशावर उभी राहते, ती वाट दहा वर्षांत बंद होऊ शकते. म्हणून एक मुख्य ठिकाण आणि त्याखेरीज खरोखर चालू असलेले, करार झालेले दुसरे ठिकाण, अशी दोन्ही हातात असल्याशिवाय कोणताही आराखडा पूर्ण मानू नये, ही माझी पहिली मागणी आहे.

ठिकाण ठरले की कोरडेपणाचा आकडा बऱ्याच अंशी आपोआप ठरतो, आणि तो नेहमी ९० टक्केच निघतो असे नाही. शेतीत किंवा बागांत द्यायचे दाणे ९० टक्के कोरडे हवेत, शिवाय ते एकसारख्या आकाराचे, टणक आणि धूळ न सोडणारे हवेत. नाहीतर घेणारा शेतकरी दुसऱ्या खेपेला दार उघडत नाही. सिमेंटच्या भट्टीलाही कोरडा माल लागतो, आणि तेथे सेंद्रिय भागाचे इंधन होते व राखेतील खनिजे क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या भाजलेल्या खड्यांत, सामावतात. मात्र त्याबरोबर स्फुरदही कायमचा सिमेंटमध्ये अडकतो, हे लक्षात ठेवूनच तो निर्णय घ्यावा. केवळ गाळासाठी उभारलेल्या दहन भट्टीत मात्र साधारण ३५ ते ४५ टक्के घनतेचा गाळ बाहेरच्या इंधनावाचून जळू शकतो, त्यामुळे तेथे पूर्ण सुकवणी ही निव्वळ उष्णतेची नासाडी ठरते. गाळ भरावभूमीवर, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेवरच, जाणार असेल, तर सुकवण्यावर केलेला खर्च पहिल्या पावसात भिजून जातो आणि आतील सेंद्रिय द्रव्य मिथेन सोडत राहते ते वेगळेच. अशा ठिकाणासाठी ड्रायर घेण्याचे समर्थन मला करता येत नाही; त्यापेक्षा निर्जलीकरण सुधारून वाहतूक कमी करावी आणि दरम्यान अधिक चांगले ठिकाण शोधावे.

सुकवणे आवश्यकच आहे असे ठरले, तर पुढचा प्रश्न उष्णतेचा. एक किलो पाण्याची वाफ करण्यास केवळ भौतिकशास्त्राच्या नियमाने सुमारे ०.६३ किलोवॅट-तास उष्णता लागते, आणि प्रत्यक्ष ड्रायरमध्ये गळती, गरम हवा व गाळ तापवणे धरून हा आकडा ०.८ ते ०.९ वर जातो. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, पहिल्या आकड्याखाली जायचे तर निघालेल्या वाफेतील उष्णता परत मिळवून वापरावी लागते, आणि ती व्यवस्था प्रस्तावात आहे की नाही हे पाहावे. वरच्या उदाहरणात १०० टन केकमधून ७८ टन पाणी उडवायचे आहे, म्हणजे रोज सुमारे ६६ मेगावॅट-तास उष्णता हवी. त्याच केंद्राच्या डायजेस्टरमध्ये नष्ट झालेल्या १० टन सेंद्रिय द्रव्यापासून साधारण नऊ हजार घनमीटर वायू मिळतो, आणि त्यात ६० ते ६५ टक्के मिथेन असल्यामुळे त्याची उष्णता सुमारे ५५ मेगावॅट-तास भरते. म्हणजे सगळा वायू ड्रायरला दिला तरी तूट राहते. आता निर्जलीकरण सुधारून केक २० ऐवजी २५ टक्क्यांचा केला तर काय होते पाहा : केक १०० वरून ८० टनांवर येतो, उडवायचे पाणी ७८ वरून ५८ टनांवर उतरते आणि उष्णतेची गरज सुमारे ४९ मेगावॅट-तास होते. पाच टक्क्यांच्या फरकाने एक चतुर्थांश उष्णता वाचली, ड्रायरचा आकार तितकाच लहान झाला, आणि जो प्रकल्प बाहेरच्या इंधनावर चालणार होता तो स्वतःच्या वायूवर उभा राहू शकला.

येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. अनेक प्रस्तावांत हाच वायू एका पानावर वीजनिर्मितीसाठी आणि दुसऱ्या पानावर ड्रायरसाठी धरलेला असतो. इंजिनात जाळलेल्या वायूची उष्णता अंशतःच परत मिळते आणि तिचा मोठा भाग इंजिन थंड करणाऱ्या कोमट पाण्यात असतो. ती डायजेस्टर तापवण्यास किंवा कमी तापमानाच्या पट्टा ड्रायरला उपयोगी पडते, उच्च तापमानाच्या ड्रम ड्रायरला नाही. वायूचा एकच ताळेबंद, उन्हाळा आणि हिवाळा दोन्हींसाठी, सल्लागाराकडून लिहून घ्यावा.

मग केक घट्ट करण्यासाठी काय करावे? यात चमत्कार काही नाही, बरेचसे काम कष्टाचे आणि दुर्लक्षित आहे. बारीक चाळण्या आणि वाळू अडवणारी यंत्रणा नीट नसेल तर केस, चिंध्या व वाळू गाळात जातात आणि सेंट्रिफ्यूजचे आतले भाग झिजवतात. गाळाचे कण एकत्र आणून पाणी सुटे करणारे रसायन, म्हणजे पॉलिमर, कोणता आणि किती, हे पुरवठादाराच्या पत्रकावरून न ठरवता आपल्या गाळावर वारंवार चाचण्या घेऊन ठरवावे लागते, कारण पावसाळ्यातला गाळ आणि उन्हाळ्यातला गाळ एकसारखा वागत नाही. मोठ्या केंद्रांनी औष्णिक जलविघटनाचाही विचार करावा : यात डायजेस्टरच्या आधी गाळ दाबाखाली सुमारे १६५ अंशांना अर्धा तास ठेवतात, त्यामुळे पेशी फुटतात, वायू वाढतो, रोगजंतू मरतात आणि नंतरचा केक ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचू शकतो. नॉर्वेतील हामार येथे १९९५ पासून आणि गेल्या दशकापासून वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स केंद्रात हे तंत्र चालू आहे. ब्लू प्लेन्समध्ये तर त्यानंतर गाळ सुकवण्यासाठी ड्रायर न लावता तो केकच मातीत मिसळण्यासाठी दिला जातो, ही गोष्ट आपल्या विचारात असावी.

ड्रायरच्या प्रकारांविषयी थोडक्यात लिहितो. ड्रम, पट्टा, पॅडल, तरंगत्या थराचा, प्रत्येकाची आपली जागा आहे. साधारण ४० ते ६० टक्के घनतेच्या दरम्यान गाळ डिंकासारखा चिकट होतो आणि यंत्राला जखडतो, म्हणून आधी सुकलेला माल परत मिसळून तो टप्पा कसा ओलांडला जातो हे विक्रेत्याला प्रत्यक्ष चालू यंत्रावर दाखवायला लावावे. पारदर्शक छताखाली सूर्याच्या उष्णतेने सुकवण्याची पद्धत भरपूर जागा असलेल्या लहान केंद्रांना मला फार योग्य वाटते. मात्र त्यात एका चौरस मीटरवरून वर्षाला साधारण एक टन पाणी उडते, त्यामुळे वरच्या उदाहरणातील ५८ टनांसाठी दोन हेक्टरांहून अधिक छत लागेल. उघडे सुकवण वाफे कोरड्या दिवसांत चांगले काम करतात, पण पावसाळ्यात त्यांच्यावर विसंबता येत नाही आणि गाळ तर बारा महिने येतो.

सुरक्षेचा विषय मात्र मला थोडक्यात आटोपता येणार नाही. सुकलेला गाळ हे इंधन आहे, आणि त्याची धूळ हवेत मिसळली तर तिचा स्फोट होऊ शकतो. बहुतेक धोके यंत्र सुरू करताना, बंद करताना आणि वीज गेल्यावर संभवतात, कारण त्या वेळी आतील प्राणवायूचे प्रमाण आणि तापमान नेहमीच्या मर्यादेबाहेर जाते. त्याहून फसवा धोका साठवणीत असतो. दाणे पुरेसे थंड न करता सायलोत, म्हणजे साठवणीच्या उंच बंद टाकीत, भरले, किंवा सायलोत कोठून तरी ओलावा शिरला, की आत हळूहळू उष्णता धरू लागते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि काही दिवसांनी झाकणाजवळ जळका वास येतो. अशा एका सायलोसमोर मी रात्र काढली आहे. त्या वेळी दार उघडून पाहण्याची इच्छा सर्वांत घातक असते, कारण ताजी हवा आत गेली की धुमसणारा गाळ पेट घेतो. म्हणून कार्बन मोनॉक्साइड मोजणारे संवेदक, नायट्रोजन सोडण्याची सोय, स्फोटाचा दाब सुरक्षित दिशेला सोडणारी झडप आणि दाणे थंड करणारे यंत्र, यांपैकी एकही गोष्ट खर्च कमी करण्याच्या बैठकीत वगळू नये. तेथे काम करणारा माणूस त्या बैठकीत नसतो, म्हणून त्याच्या वतीने मी हे लिहीत आहे.

वास आणि परतीचे पाणी हे दोन विषय प्रस्तावांत हमखास दुबळे असतात. ड्रायरमधून निघणाऱ्या वाफेत अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टन असे उग्र वासाचे वायू असतात. इमारतीत ऋण दाब, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी हवेचा दाब, राखून सगळी हवा धुऊन आणि जैवगाळणीतून काढल्याशिवाय आसपासच्या वस्तीचा विश्वास टिकत नाही, आणि एकदा तो गेला की चांगली यंत्रणाही बंद पाडली जाते. निर्जलीकरणातून निघालेले पाणी व ड्रायरमधील थंड झालेली वाफ केंद्राच्या तोंडाशी परत येते. हा प्रवाह एकूण पाण्याच्या सुमारे एक टक्का असला तरी केंद्रात येणाऱ्या नत्राचा १५ ते २५ टक्के भार तो एकटा आणू शकतो. आधीच काठावर चालणाऱ्या वायुवीजन टाकीवर तो रात्री-अपरात्री सोडला, तर गाळ सुकवण्याच्या नादात पाणी बिघडेल. त्याची स्वतंत्र प्रक्रिया, निदान समतोल साठवण टाकी, नूतनीकरणाचाच भाग असली पाहिजे.

सुकवण्याने काय होत नाही हेही नागरिकांना स्पष्ट सांगितले जावे. रोगजंतूंवर ते प्रभावी आहे : अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांनुसार योग्य तापमानाला ९० टक्के कोरडा केलेला आणि जंतूंच्या चाचण्यांत उतरलेला गाळ सर्वोच्च वर्गात बसतो. कॅडमियम, शिसे, पारा यांसारखे धातू मात्र जसेच्या तसे राहतात. उलट डायजेस्टरमध्ये सेंद्रिय भाग कमी झाल्यामुळे प्रतिकिलो प्रमाण वाढते. पीएफएएसही ड्रायरच्या तापमानाला नष्ट होत नाहीत. त्यांचा बंदोबस्त गटारात पोहोचण्यापूर्वी, मुलामा देणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या, कापड रंगवणाऱ्या उद्योगांच्या दारातच करावा लागतो. औद्योगिक सांडपाण्यावर देखरेख ठेवणारा निरीक्षक आणि त्याची प्रयोगशाळा हा खत म्हणून गाळ देण्याच्या योजनेचा पहिला खर्च आहे, असे मी मानतो.

निविदेविषयी तीनच मागण्या आहेत. प्रत्येक किलो पाणी उडवण्यास लागणारी उष्णता आणि वीज यांची हमी, आपल्याच गाळावर मोजून, दंडाच्या कलमासह करारात असावी, आणि निवड सुरुवातीच्या खर्चावर न करता वीस वर्षांच्या चालवण्याच्या खर्चावर व्हावी. ड्रायर दुरुस्तीसाठी बंद असतो त्या आठवड्यांत रोजचा ८० टन केक कोठे ठेवायचा याचेही लेखी उत्तर असावे. अनेक ठिकाणी ते उत्तर नसल्यामुळेच नवी यंत्रणा वर्षभरात बदनाम होते.

या सर्वांसाठी लागणारी माहिती फार थोड्या केंद्रांपाशी असते, ही माझी खरी चिंता आहे. गाळ किती निघतो याचा आकडा पुष्कळदा आराखड्यातून उचललेला असतो, मोजलेला नसतो. म्हणून माझी शेवटची विनंती अशी की निविदा काढण्यापूर्वी पूर्ण एक वर्ष, सर्व ऋतूंत, गाळाचे वजन, त्यातील घन पदार्थ, सेंद्रिय भाग, धातू, पॉलिमरचा वापर आणि वायूचे उत्पादन मोजून दर महिन्याला नागरिकांसाठी प्रसिद्ध करावे. त्यासाठी लागणारा तराजू, भट्टी आणि नमुन्याच्या बाटल्या बहुतेक केंद्रांच्या प्रयोगशाळेत आजही आहेत, आणि पहिला नमुना घेण्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

आपला नम्र,
सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर काम केलेला एक अभियंता